ह्याला वैल कुठंय?

मंडळी, गेल्या उन्हाळ्यात किचन रीमॉडेल करताना आम्ही गॅस काढून इंडक्शन बसवलं. इंजिनिअर माणूस, आधी कोष्टक मांडलंच! इथल्या चाचण्यांत गॅसची ३२ ते ४० टक्केच उष्णता अन्नाला मिळते, बाकीची भांड्याच्या कडेनं निसटते. इंडक्शनवर ८५ टक्क्यांच्या आसपास. (भारतीय मानकाप्रमाणे घरगुती एलपीजी शेगडी किमान ६८ टक्के लागते, पण चाचणीची पद्धत वेगळी, तेव्हा "बघा, आपलंच बरं!" म्हणायची घाई नको.)

पैशांचा हिशेब मात्र निराळा. एक थर्म गॅस म्हणजे २९.३ युनिट. तेवढ्याच उष्णतेला वीज गॅसच्या अडीचपटीहून महाग पडत असेल, तर इंडक्शननं बिल कमी होत नाही. आपापली बिलं काढून बघा. शिवाय वीज कोळशाची असेल, तर दोन तृतीयांश उष्णता वीजकेंद्रातच गेलेली असते.

मग सोलापूरहून आई आली. तिनं आणलेला हिंदालियमचा कुकर त्या काचेवर ढिम्म तापेना. इंडक्शनला लोहचुंबक चिकटेल असा बूड लागतो, हे तिला सांगायला मी विसरलो होतो. दोन दिवस ती स्वयंपाकघरात फिरकलीच नाही. "मुलाच्या घरी मला चहासुद्धा करता येत नाही," एवढंच म्हणाली. तिसऱ्या दिवशी मी स्टीलचा कुकर आणला. तिनं शेगडी चारी बाजूंनी बघितली आणि विचारलं, "ह्याला वैल कुठंय?"

मी गप्प! लहानपणी आमच्या चुलीच्या बाजूच्या वैलावर कायम काहीतरी असायचं, कधी आमटी, कधी आंघोळीचं पाणी. त्या चुलीत लाकडाची जेमतेम १०-१५ टक्के उष्णता भांड्याला मिळायची, धुरानं आईचे डोळे चुरचुरायचे. पण वाया जाणारा जाळ ती वैलावर पकडायची. माझ्या कोष्टकात तो रकानाच नव्हता.

आता डाळ ती रात्री भिजवते. सकाळी एकाच कुकरात वरण, भात, बटाटे, तीन डबे. पहिली शिट्टी झाली की आच कमी. आत १२० अंशांच्या आसपास वाफ असते, आच वाढवून डाळ लवकर शिजत नाही, नुसत्या शिट्ट्या वाढतात. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. मी मीटर लावून बघितलं : आमच्या तीन भांड्यांच्या पद्धतीपेक्षा वीज निम्म्याहून कमी.

भाकरी मात्र बॅकयार्डातल्या प्रोपेनच्या ग्रिलवरच फुगते. त्याची कार्यक्षमता मी अजून काढलेली नाही.