हे रोस्टर आहे, पोस्टर नव्हे

दिवाळीचा फराळ आणि एनबीएचा नवा हंगाम दरवर्षी साधारण एकाच सुमारास येतात. तुमच्या घरी मुलं चकली खाता खाता फोनवर फँटसी बास्केटबॉलचा संघ निवडत असतील, तर रागावू नका. शेजारी बसा आणि स्वतःचाही एक संघ घ्या. मी चार वर्षांपूर्वी घेतला आणि शेवटून पहिला आलो!

चूक एवढीच, की मी गाजलेली नावं पाहून खेळाडू घेतले. आमच्या लीगमध्ये दर आठवड्याला नऊ गोष्टींत सामना होतो: पॉइंट्स, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक, थ्री-पॉइंटर, टर्नओव्हर, शिवाय फील्ड गोल आणि फ्री थ्रो यांची टक्केवारी. नवांपैकी पाच जिंकल्या की आठवडा आपला. म्हणजे सगळीकडे पहिलं येण्याची गरजच नाही. (हे आपल्या पालकवर्गाला पटायला जरा वेळ लागतो.) रूडी गोबेरसारखा सेंटर घेतला, तर फ्री थ्रोत मार बसतो, पण रिबाउंड, ब्लॉक आणि फील्ड गोलची टक्केवारी सुधारते. एक बाजू जाणूनबुजून सोडा, बाकीच्या भक्कम करा.

दुसरं, वेळापत्रक पाहा. काही संघ आठवड्यात दोनच सामने खेळतात, काही चार. सरासरी २५ पॉइंट्सचा तारा दोन सामन्यांत ५० देतो; १५ चा साधा खेळाडू चार सामन्यांत ६०. संघातल्या शेवटच्या दोन-तीन जागा अशा खेळाडूंसाठी फिरत्या ठेवा.

तिसरं सर्वांत अवघड: सोडून देणं. माझा एक आवडता, उतरणीला लागलेला खेळाडू मी जानेवारीपर्यंत धरून बसलो होतो. शेवटी लेक म्हणाली, "बाबा, हे रोस्टर आहे, भिंतीवरचं पोस्टर नाही." पटलं. निकोला योकिचला २०१४ च्या ड्राफ्टमध्ये ४१ व्या क्रमांकावर घेतलं होतं. पुढे तो तीनदा एमव्हीपी झाला. नावापेक्षा खेळ पाहावा, तो असा.

"हा जुगार नाही का?" असं काही जण विचारतात. पैसे लावले तर आहेच. म्हणून आमच्या लीगमध्ये पैसा नाही. हरणाऱ्याने सर्वांना मिसळ खिलवायची.

आणि एक कळकळीची विनंती. हरायला लागलात म्हणून डिसेंबरात संघ वाऱ्यावर सोडू नका. तुमच्या बेवारस संघाशी ज्याची गाठ पडते, त्याला फुकटचा विजय मिळतो आणि बाकीच्यांची मजा जाते.

लेक आता कॉलेजसाठी दूर आहे. पूर्वी आमचा फोन "जेवलीस का?" "हो" इथेच संपायचा. आता रविवारी रात्री ती स्वतःहून फोन करते, माझ्या संघाची अर्धा तास खिल्ली उडवते, आणि मग कधीतरी हळूच म्हणते, "बाबा, या आठवड्यात जरा कंटाळा आला होता." तेवढ्यासाठी तरी यंदा एक संघ घ्याच.