उस्तादाची नजर आणि चौऱ्याऐंशी बोल्ट

झरी जामणीत कापड विकणाऱ्या आमच्यासारख्यांनी विमानाच्या दुरुस्तीवर का लिहावे, असे कोणी विचारील. पण नागपूरच्या मिहानमध्ये एअर इंडियासाठी बोईंगने बांधलेला विमानदुरुस्तीचा तळ 2015 मध्ये सुरू झाला. आज गॅरेजात पाना धरणारी आपली मुले उद्या शिकून तिथे जावीत, अशी आमची इच्छा आहे. त्यांच्या हातात हुन्नर आहे. मात्र या कामाला आणखी एक सवय लागते.

10 जून 1990 रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅमहून स्पेनला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची वैमानिकासमोरची काच सतरा हजार फुटांवर उडाली. वैमानिक कमरेपर्यंत बाहेर खेचला गेला. साथीदारांनी त्याला धरून ठेवले, विमान खाली उतरले आणि सर्व जण वाचले. चौकशीत काय निघाले? काच त्याआधीच्या एका रात्रपाळीत बसवली होती आणि 90 पैकी 84 बोल्ट बारीक होते. फरक पाऊण मिलिमीटरहूनही कमी! बसवणारा नवशिका नव्हता, पाळीचा अनुभवी प्रमुख होता. माणसे कमी, वेळ पहाटेची. पुस्तकात नंबर न पाहता त्याने जुना बोल्ट हातात धरून नजरेने जोड जुळवली. भांडारातल्या माणसाने योग्य माप सांगितले होते, ते त्याने मानले नाही. हे काम दुसऱ्याने तपासावे असा नियमही नव्हता.

मुंबईत 16 डिसेंबर 2015 रोजी विमान मागे ढकलताना इंजिनाने जवळच्या तंत्रज्ञाला ओढून घेतले व त्याचा जीव गेला. सहवैमानिकाने इशारा चुकीचा समजल्याचे तेव्हा सांगण्यात आले.

कॅनडात गॉर्डन ड्यूपाँट यांनी 1993 मध्ये अशा चुकांची बारा कारणे मांडली. त्यांत थकवा, घाई, फाजील आत्मविश्वास आहेत, तसेच दिसत असूनही न बोलणे हेही आहे. भारतातही विमानदुरुस्ती करणाऱ्यांना मानवी चुकांचे हे शिक्षण सक्तीचे आहे.

आता आपल्या कारखान्यांकडे पाहू. उस्तादापुढे शागीर्द तोंड उघडत नाही. ही अदब आम्हालाही प्रिय आहे. पण ट्रकच्या ब्रेकमध्ये चुकीचा नट बसताना पोरगा पाहतो आणि गप्प राहतो, तेव्हा त्या अदबीची किंमत रस्त्यावरचा माणूस मोजतो. शिवाय चूक सांगणाऱ्याची मजुरी कापली, तर पुढची चूक तो झाकूनच ठेवील.

म्हणून कारागीर बंधूंना आमचे सांगणे एवढेच आहे. सुटा भाग नजरेने जुळवू नका, त्याचा नंबर वाचा. अर्धे राहिलेले काम लिहून ठेवा. ब्रेक, स्टिअरिंग, गॅस यांचे काम दुसऱ्याकडून तपासून घ्या. आणि शागिर्दाने टोकले तर पाना खाली ठेवून आधी त्याचे ऐका. ही सवय गॅरेजात लागली, तरच ती मिहानपर्यंत जाईल.