विंचवाचे विष आणि मेंदूची द्वारे

लाल विंचवाने नांगी मारली की कोकणात पूर्वी मांत्रिकास बोलावीत. विंचू उतरला तर उतरला. लहान मुलांच्या बाबतीत तो पुष्कळदा उतरत नसे. महाड परिसरातील डॉ. हिंमतराव बावसकर यांनी असे रुग्ण उशाशी बसून निरखले. या विषामुळे मज्जातंतूंतील सोडियमची द्वारे वेळेवर मिटत नाहीत. तंतूंच्या टोकांतून नॉरॲड्रेनालिनचा लोट सुटतो, आणि ते रक्तवाहिन्यांवरील ‘ग्राही’ नावाच्या प्रथिनांवर बसताच वाहिन्या आवळल्या जातात. हृदय थकते, फुफ्फुसांत पाणी भरते. बावसकरांनी योजिलेले प्रॅझोसिन हे रक्तदाबावरील औषध विषाला स्पर्शही करीत नाही. ते केवळ ग्राहीची जागा अडविते. हा अनुभव त्यांनी १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला.

रुग्ण वाचू लागला, मग विषाच्या रेणूंशी काय कर्तव्य, असे व्यवहारी माणसे विचारतात. कोणता रेणू कोणत्या ग्राहीवर बसतो हे आधी ठाऊक नसते, तर प्रॅझोसिन सुचलेच नसते, हे ती विसरतात.

१९९० साली अमेरिकेतील संशोधकांनी याच विंचवाच्या विषातून ३७ ॲमिनो अम्लांची एक साखळी वेगळी केली. तिचे नाव आयबेरिओटॉक्सिन. नावात कोकणचा मागमूसही नाही! मज्जापेशीत कॅल्शियम शिरले की पोटॅशियम बाहेर सोडणारे एक मोठे द्वार उघडते व उत्तेजित पेशी शांत होते. ही साखळी त्या द्वाराच्या तोंडाशी बुचासारखी बसते. पश्चिम आशियातील एका विंचवाच्या विषातही ३७ अम्लांचीच साखळी आढळते, आणि दोहोंचा सुमारे दोन-तृतीयांश भाग समान आहे. तथापि ती पोटॅशियमची इतरही काही द्वारे बंद करते. आपल्या विंचवाची मात्र हे एकच द्वार निवडते. उरलेल्या एक-तृतीयांशातून त्या द्वाराची घडण कळू लागते.

याहून उद्बोधक गोष्ट मेंदूत दिसली. तेथील अशी काही द्वारे या विषाला दादच देईनात. २००० साली उलगडा झाला, तो असा की, मज्जापेशींत या द्वारालगत ‘बीटा-चार’ हे जोडप्रथिन असते व त्याच्या सान्निध्यात विषाची पकड बसत नाही. विष लागू न पडल्यानेच मेंदूतील हे द्वार निराळे ओळखता आले.

लाल विंचवाच्या विषात आणखीही अनेक रेणू आहेत. दंशाचा रुग्ण पाहणारा वैद्य व रेणू तोलणारा रसायनज्ञ यांची गाठ अधिक वेळा पडावयास हवी. महाड ते मुंबई हे अंतर दोनशे किलोमीटरही नाही.