सही कुणाची?

नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे 'अर्धा डॉक्टर', असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. १९६५ साली कोलोरॅडोत लोरेटा फोर्ड आणि डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी हे शिक्षण सुरू केलं, तेव्हा मुलांची नीट तपासणी व्हावी एवढाच हेतू होता. आज न्यू मेक्सिकोत ती स्वतःच्या सहीने औषध लिहून देते. शेजारच्या टेक्सासमध्ये मात्र डॉक्टरशी लेखी करार लागतो. सीमा ओलांडली की शिकलेलं विसरते की काय? आणि आडगावात डॉक्टरच नसेल तर करार करायचा कुणाशी?

एक मात्र खरं... नर्सिंगमध्ये डॉक्टरेट असली, तरी 'डॉक्टर' म्हणवून घेताना 'मी नर्स आहे' हेही तिने सांगावं. पेशंटला ते कळायलाच हवं. तुम्हाला काय वाटतं?