पडद्यावरचे फौजदार

जुन्या करमणुकीची आठवण काढताना माणूस नेहमी उदार होतो. जी मालिका लागली की घरातील वडील मंडळी नाक मुरडीत, तिचाच विषय आज बैठकीत निघाला तर सर्वांचे चेहरे खुलतात. ‘सी.आय.डी.’चे भाग्य असेच. ही मालिका जानेवारी १९९८मध्ये सुरू झाली, ऑक्टोबर २०१८मध्ये थांबली आणि डिसेंबर २०२४मध्ये पुन्हा अवतरली.

मराठी माणसाला तिचा जिव्हाळा वाटण्यास एक अधिक कारण आहे. मालिका हिंदी खरी. परंतु दिग्दर्शक बी. पी. सिंग आणि शिवाजी साटम हे त्यापूर्वी ‘एक शून्य शून्य’ या मराठी पोलीस मालिकेत एकत्र आले होते. इंदूरच्या घराघरांत साटम पोहोचले ते मात्र एसीपी प्रद्युम्न म्हणून. फ्रेडरिक्सच्या भूमिकेत सर्वांना हसविणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३मध्ये गेले, तेव्हा घरचेच कोणी गेल्यासारखी हळहळ अनेकांना वाटली.

मौज अशी की, मालिका सुरू झाली तेव्हा ‘एसीपी’ हे पद आपल्या शहरात नव्हतेच. आपल्या परिचयाचे ते ठाण्याचे टी.आय. आणि त्यांच्यावरचे सी.एस.पी. पोलीस आयुक्तालयाची पद्धत इंदुरात डिसेंबर २०२१मध्ये आली. म्हणजे खरा एसीपी शहरात येण्याआधी जवळजवळ चोवीस वर्षे पडद्यावरचा एसीपी आपल्या दिवाणखान्यात ठाण मांडून होता. एका पिढीने पोलिसाची कल्पना त्याच्यावरूनच बांधली असल्यास नवल नाही.

त्या कल्पनेत चांगले पुष्कळ होते. डॉक्टर साळुंखे यांच्या प्रयोगशाळेने मुलांना शिकविले की, केस, धागा, रक्ताचा थेंब यांनाही वाचा असते. संशय म्हणजे पुरावा नव्हे, हेही दर आठवड्याला दिसे. कारण ज्याच्यावर प्रथम बोट रोखले जाई तो बहुधा निर्दोष निघे.

परंतु शेवटी काय होई? दार मोडले जाई, एक सणसणीत चपराक बसे, गुन्हेगार घडाघडा कबुली देई आणि एसीपी साहेब तेथल्या तेथे फाशीचे भाकीत करून मोकळे होत. आपण टाळ्या पिटीत असू. वस्तुतः पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हा नियम १८७२च्या पुरावा कायद्यात होता आणि जुलै २०२४पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही तो कायम आहे. मारहाणीने कोणाकडूनही काहीही वदवून घेता येते, हे ओळखूनच तो केला गेला.

कोणी म्हणेल, घटकाभरच्या करमणुकीकडून कायद्याचे पुस्तक कशाला मागता? म्हणणे बरोबर आहे. मालिकेवर आमचा राग नाही. चिंता आहे ती प्रेक्षकाच्या सवयीची. एखाद्या संशयिताला रस्त्यावरून मिरविल्याची वा चोप दिल्याची बातमी येते, तेव्हा ‘बरे केले’ असा उद्गार सुशिक्षित घरांतूनही निघतो. तो उद्गार आपण कोठे शिकलो, याचा विचार करावा.

दुसरा धडाही त्याच दूरचित्रवाणीने दिला होता. १९८९ची ‘उडान’ आठवावी. कविता चौधरी यांनी लिहिलेली, दिग्दर्शित केलेली आणि स्वतः साकारलेली कल्याणी ही त्यांच्या भगिनी कांचन चौधरी यांच्या जीवनावर बेतलेली होती. कांचनताई पुढे २००४ साली उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या. देशात त्या पदावर बसणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्या मालिकेत गणवेशाची ऐट चपराकीत नव्हती, अन्यायाची झळ सोसून अभ्यासाने अधिकार मिळविण्यात होती. ती पाहून कित्येक घरांतील मुलींना गणवेशाची स्वप्ने पडू लागली.

तेव्हा ‘सी.आय.डी.’ अवश्य पाहावी, नातवंडांना जवळ बसवून पाहावी. दयाने दार मोडले की त्यांच्याबरोबर हसावे. फक्त शेवटी फाशीचा उच्चार झाला की, मुलांना एवढे सांगावे : बाळांनो, पोलिसांचे काम येथे संपले, आता न्यायाधीशांचे सुरू होईल, आणि तोवर हा माणूस केवळ आरोपी आहे.