गोळी किती 'पॉवर'ची?

इंग्रजीतला 'पॉवर' हा शब्द आपण इतका आपलासा केला आहे की, त्याला आता मराठीच म्हणावे. वीज गेली की पॉवर गेली, पुढारी निवडून आला की पॉवरमध्ये आला, चष्म्याला पॉवर, आणि आजारातून उठले की 'अंगात पॉवर राहिली नाही'. इथवर कोणाचे काही बिघडत नाही. हाच शब्द औषधाच्या पाकिटावर जाऊन बसला की घोटाळा सुरू होतो.

आमच्याकडचे एक मधुमेही आजोबा. त्यांना दोन गोळ्या चालू होत्या. मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅमची आणि ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅमची. आजोबांनी पाकिटे वाचून मनाशी हिशेब केला. ५०० म्हणजे भलतीच पॉवरची, ती रोज नको. १ म्हणजे अगदीच किरकोळ, दोन घेतल्या तर काय होते? एका दुपारी जेवायला उशीर झाला आणि आजोबा घामाने डबडबले, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले. गिळता येत होते, म्हणून सुनेने लगेच साखरपाणी पाजले आणि त्यांना दवाखान्यात आणले. रक्तातली साखर एकदम उतरली होती. या गोळीने उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते. तेव्हा रात्रभर ठेवून घ्यावे लागले.

पाकिटावरचा आकडा ही पॉवर नव्हे, ते त्या औषधाचे वजन असते. दोन वेगळ्या औषधांचे आकडे एका तराजूत घालायचे नसतात. थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी म्हणजे एका मिलिग्रॅमचा जेमतेम विसावा भाग, तरी तिचे काम चोख. संधिवातावरचे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. 'अडीचचीच तर आहे' म्हणून कोणी रोज घेऊ लागला, तर रक्तपेशी घटून जिवावर बेतते. (होमिओपॅथीत तर सगळे उलटेच! तिथे ३० पेक्षा २०० पॉवरचे औषध अधिक पातळ केलेले असते.)

गुडघेदुखीवर 'पॉवरची पुडी' देणारेही गावोगाव आहेत. चार दिवसांत माणूस टुणटुणीत होतो, पण अशा पुडीत पुष्कळदा स्टेरॉइड असते. पुढे साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात.

दोष एकट्या पेशंटचा मात्र नाही. 'जरा पॉवर वाढवून देतो' असे आम्ही डॉक्टरच म्हणतो, औषधाच्या दुकानातही तीच भाषा. म्हणून गोळीची पॉवर विचारू नका. किती गोळ्या, केव्हा, जेवणाआधी की नंतर, रोज की आठवड्यातून एकदा, हे विचारा आणि पाकिटावर मराठीत लिहून घ्या. मी स्वतः आता तसे लिहून देतो. प्रत्येकामागे दोन मिनिटे जास्त जातात, बाहेर बाकावर बसलेली मंडळी कुरकुरतात. कुरकुरू देत.