दफ्तर कोणापुढे उघडायचे?

सोनईच्या पंचक्रोशीत वार्षिक सर्वसाधारण सभा म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. मुळा सहकारी साखर कारखान्याच्या भोंग्यावर ज्यांच्या घरची घड्याळे लागली, त्यांना भागभांडवल, थकबाकी आणि ताळेबंद हे शब्द शाळेच्या आधीच कानांवर पडलेले असतात. अहवालाचे पुस्तक घरी आले की चष्मा पुसून, पानावर बोट ठेवून, गेल्या सालच्या आणि यंदाच्या आकड्यांची रुजुवात घालणारा, आणि मग मांडवाखाली उभा राहून "अध्यक्षसाहेब, हा इतर खर्च एवढा कशापायी वाढला, तेवढं सांगा," असे सरळ विचारणारा वयस्क सभासद आमच्या प्रत्येक वाचकाने पाहिलेला आहे. त्याला मिळणारे उत्तर दरवेळी समाधानकारक असते असे नव्हे. परंतु विचारण्याचा त्याचा हक्क कोणी नाकारू शकत नाही, कारण त्या संस्थेत त्याचा भाग आहे आणि त्या भागाची पावती त्याच्या पेटीत आहे.

फुटबॉलविषयी लिहिताना उसाच्या सभासदाची आठवण आम्ही करीत आहो, याचे कारण पुण्याजवळच्या म्हाळुंगे-बालेवाडी येथील क्रीडासंकुलात गेल्या काही वर्षांत जे घडले, ते त्या एका हक्काच्या अभावी घडले अशी आमची धारणा आहे. 2007 साली पिरामल उद्योगसमूहाने पुणे एफसी हा संघ उभारला. त्याने आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश मिळविला, 2012-13 च्या मोसमात उपविजेतेपद पटकावले, मुलांसाठी नावाजलेली प्रबोधिनी चालविली. आणि 2015 साली मालकांनी तो बंद केला. कल्याणी समूहाचा भारत एफसी अवघा एक मोसम खेळला, तळाला राहिला आणि त्याच 2015 साली मोडीत निघाला. बांधकाम व्यावसायिक डी. एस. कुलकर्णी यांच्या डीएसके शिवाजियन्सने तर इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबाचे नाव जोडून निवासी अकादमी काढली. 2017 साली हा संघ राष्ट्रीय स्पर्धेबाहेर गेला आणि 2018 च्या फेब्रुवारीत ठेवीदारांच्या तक्रारींवरून खुद्द कुलकर्णी यांना अटक झाली. उरला इंडियन सुपर लीगमधील एफसी पुणे सिटी. तोही आर्थिक कारणांनी 2019 मध्ये विसर्जित झाला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. बारा वर्षांत एकाच शहरात चार संघ राष्ट्रीय पातळीवर आले आणि निमाले. आणि या चारही प्रसंगी, ज्या प्रेक्षकांनी तिकिटे काढली, गळे सुकेपर्यंत घोषणा दिल्या, लेकरांना खांद्यावर बसवून त्या मैदानात नेले, त्यांना निर्णय कळला तो वृत्तपत्रांतून.

मुंबईची कथा याहून जुनी आहे. 1962 पासून महिंद्र कंपनीच्या छत्राखाली वाढलेल्या आणि पुढे महिंद्र युनायटेड या नावाने 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकलेल्या संघाला कंपनीने 2010 मध्ये निरोप दिला. तेथे दिवाळे निघाले नव्हते आणि अफरातफरीचा आरोपही नव्हता. शालेय मुलांच्या फुटबॉलकडे पैसा वळवावा असा कंपनीचा विचार झाला, एवढेच. हेतू सदोष म्हणता येणार नाही. तथापि जवळजवळ अर्धशतकाचा ठेवा एका ठरावाने संपुष्टात येऊ शकतो, ही गोष्ट आम्हांला दिवाळखोरीइतकीच चिंताजनक वाटते. इनामाची जमीन जशी सरकारच्या मर्जीने मिळे आणि मर्जी फिरताच खालसा होई, तशीच या संघांची स्थिती आहे.

गोव्यात तर खेळाची मुळे आपल्याहून कितीतरी खोल; पण तेथेही धेंपो आणि साळगावकर हे दोन थोर संघ खाण उद्योगातील घराण्यांच्या तिजोरीवर उभे होते. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, आणि देशाच्या फुटबॉल महासंघाने आय-लीगला दुय्यम ठरविणारा आराखडा पुढे रेटल्यावर 2016 साली साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी, व त्यांच्यामागोमाग धेंपोनेही, राष्ट्रीय स्पर्धेतून अंग काढून घेतले. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेल्या धेंपोला त्या पंक्तीत परतण्यास 2024-25 चा मोसम उजाडावा लागला.

हा रोग आपल्याच मातीतला आहे असे मात्र कोणी समजू नये. आयर्लंड हा लोकसंख्येने आपल्या काही मोठ्या जिल्ह्यांएवढा देश. तेथील क्लबांचा इतिहास वाचताना बालेवाडीचेच प्रतिबिंब पाहतो आहो असे वाटते. डब्लिनचा शेलबर्न संघ 2006 साली विजेता ठरला आणि कर्जाच्या ओझ्यापायी लगेच खालच्या श्रेणीत ढकलला गेला. ड्रोहेडा युनायटेड 2007 चा विजेता. पुढच्याच वर्षी त्याला धनकोंपासून न्यायालयाचे संरक्षण मागावे लागले. शॅमरॉक रोव्हर्स या सर्वांत नामांकित क्लबाचे मिलटाउन येथील मैदान 1987 मध्ये मालकांनी विकले, आणि त्यानंतर बावीस वर्षे तो संघ दुसऱ्यांच्या मैदानांवर बिऱ्हाड करून राहिला. ज्या राष्ट्रीय संघटनेने या सर्वांवर देखरेख करावयाची, तिचाच जमाखर्च 2019 साली उघडा पडला, आणि सरकारला मदतीला धावावे लागले.

परंतु आयर्लंडकडे बोट दाखविण्याचे आमचे खरे कारण निराळे आहे. कॉर्क सिटी हा क्लब करांच्या थकबाकीपायी 2010 च्या फेब्रुवारीत गुंडाळला गेला, तेव्हा तेथील समर्थकांनी आधीच स्थापिलेल्या सभासद-संस्थेने संघ पुन्हा उभा केला, खालच्या श्रेणीपासून सुरुवात केली, आणि 2017 साली लीग आणि चषक हे दोन्ही मान मिळविले. शॅमरॉक रोव्हर्सही 2005 मध्ये समर्थकांनी वर्गणी काढून वाचविला. 2009 मध्ये त्याला टॅला येथे स्वतःचे म्हणता येईल असे मैदान लाभले आणि पुढच्याच वर्षी तो विजेता झाला. पुढे ओढाताण वाढल्यावर कॉर्कचा क्लब पुन्हा खाजगी मालकाकडे गेला हे खरे. पण तो देण्याचा निर्णयही सभासदांच्या मतदानाने झाला. आम्हांला हाच फरक मोलाचा वाटतो.

सहकार हा सर्व व्याधींवर उतारा आहे, असा दावा नगर जिल्ह्यात बसून करण्याचे धाडस आम्ही करणार नाही. प्रवरेच्या काठी लोणीला 1950 साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी जे रोप लावले, त्याच्या फांद्या राज्यभर पसरल्या. त्यांतील कित्येक कारखाने कर्जात बुडाले आणि लिलावात खाजगी हातांत गेले, हे आपण पाहिले आहे. सभासदाच्या नावाने चालणारी संस्थाही मूठभर माणसांची जहागीर होऊ शकते. पण मग नुकसान कोणी केले हे विचारण्याची जागा तरी शिल्लक राहते, लेखापरीक्षकाचा शेरा दफ्तरी राहतो, आणि उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. बालेवाडीच्या प्रेक्षकाला यांपैकी एकही दरवाजा उघडा नव्हता.

कोल्हापूरकरांनी या प्रश्नाचे उत्तर कोणाचा उपदेश न घेता शोधले आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींचे संघ पेठेच्या वर्गणीवर, पेठेच्या माणसांच्या देणगीवर आणि पेठेच्या अभिमानावर चालतात. शाहू स्टेडियमवर सामना असला की त्या पेठांतली दुकाने लवकर बंद होतात. त्यांच्याकडे कोटींचे अंदाजपत्रक नाही, आणि त्यांतील चढाओढ कधी कधी हातघाईवर येते, तिचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु मोठमोठ्या समूहांचे संघ येऊन गेले, आणि तालमी जागेवर आहेत.

याउलट बडे संघ अजूनही त्याच खाईच्या काठाने चालले आहेत. पुण्याची जागा घेणारा हैदराबाद एफसी 2021-22 चा विजेता झाला. त्यानंतर दोन वर्षांच्या आत पगार थकल्याने खेळाडू मोसमाच्या मध्यावर निघून गेले आणि जागतिक संघटनेने नव्या करारांवर बंदी घातली. 2025 साली तो दिल्लीला हलविण्यात आला. महासंघाने 2010 मध्ये पंधरा वर्षांसाठी, सातशे कोटी रुपयांच्या मोबदल्यात, व्यापारी हक्कांचा जो मक्ता दिला होता, त्याची मुदत संपत आली तरी पुढची व्यवस्था ठरलेली नव्हती. परिणामी 2025 च्या पावसाळ्यात लीगच स्थगित झाली, आणि बंगळुरूसारख्या सधन क्लबानेही खेळाडूंचे वेतन थांबविले. पंधरा वर्षे आधी ठाऊक असलेली तारीख ज्या कारभाऱ्यांना गाठता येत नाही, त्यांच्या हाती तरुणांची ऐन उमेदीची वर्षे आपण सोपवितो. फुटबॉलपटूची कमाईची मुदत दहा-बारा वर्षांची. त्यातला थकलेला पगार गळितास जाऊन बिल न मिळालेल्या उसासारखा असतो, आणि त्याचा तगादा लावताना त्या मुलाच्या पाठीशी गावच्या शेतकऱ्याइतकीही माणसे नसतात.

क्लबांना परवाना देताना महासंघ आर्थिक कागदपत्रे मागतो. ती कागदपत्रे प्रेक्षकांसाठीही प्रसिद्ध झाली पाहिजेत, आणि खेळाडूंच्या वेतनाची काही महिन्यांची रक्कम मोसमाआधीच अनामत घेतली पाहिजे. महाराष्ट्रातील फुटबॉलची धुरा वाहणाऱ्या वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनने याहून पुढे जावे: राज्यातील कोणत्याही संघाने दहा टक्के का होईना, भाग समर्थकांना विकावा, नाव, रंग आणि मैदान यांबाबत त्यांच्या संमतीवाचून बदल करू नये, आणि वर्षातून एकदा त्यांच्यासमोर जमाखर्च वाचून दाखवावा. ती सभा बालेवाडीच्याच गॅलरीत भरली, आणि अहवालाच्या पानावर बोट ठेवून एखादा प्रेक्षक "अध्यक्षसाहेब" म्हणत उभा राहिला, तर त्याला खाली बसविण्याचा अधिकार कोणालाही असू नये.